हलगी सोपी, असं मी शिकवलं

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय आबासाहेब, व्यासपीठावर बसलेल्या मुख्याध्यापिका शिवानीताई, गावातली वडीलधारी मंडळी, माझे सहकारी शिक्षक-शिक्षिका, स्वयंपाकघरात सकाळपासून राबणाऱ्या आयाबाया, आणि मुद्दाम वेगळं नाव घेतो ती दहावी दोन हजार बाराची तुकडी. चुडाव्याच्या स्टेशनवर उतरून, उन्हात चालत तुम्ही आलात. तुम्हा सर्वांना माझा, राजेश्वर भीमाशंकर कोरे याचा, नमस्कार.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. एकतीस वर्षं संगीत शिकवल्याबद्दल इतकं चांगलं बोललात, की मी खाली मान घालून बसलो होतो. आबासाहेब म्हणाले, कोरे सर विनयशील आहेत. आबासाहेब, माफ करा, तो विनय नव्हता. का नव्हता ते सांगण्यासाठीच मी उभा आहे.

मघाशी आमचा वैभव बोलला. आज त्याचं पूर्णेत हार्डवेअरचं दुकान आहे, आणि बोलतोही दुकानदारासारखा, गोड. त्यानं माझ्या तक्त्याची आठवण काढली. संगीताच्या खोलीत फळ्याशेजारी मी एक तक्ता लावला होता, ‘शिकायला सोपी वाद्ये’. दर जूनला पहिल्या तासाला तो मुलांकडून वाचून घ्यायचा. टाळ सोपा, कारण दोन्ही हातांना एकच काम. खंजिरी सोपी. पेटी बरी, कारण बोट ठेवलं की सूर निघतो, तो शोधावा लागत नाही. बासरी अवघड, आठ दिवस नुसती फुंकच निघते. तबल्याला तर मी ‘नशिबात असेल तर’ असा शेरा मारला होता. खरं सांगायचं तर तबला शिकायला मी नांदेडला गेलो होतो आणि दोन महिन्यांत गुरुजींनी मला परत पाठवलं होतं. तो शेरा माझ्याच नशिबाचा होता.

वैभव म्हणाला, "पहिल्या नंबरावर काय होतं ते इथं सांगत नाही." आणि तुमच्यातले काही जण हसले. ज्यांना ठाऊक आहे ते हसले. ज्यांना ठाऊक नाही त्यांना मी सांगतो. पहिल्या नंबरावर हलगी होती. पुढं मी लिहिलं होतं, ‘शिकावी लागत नाही.’

दोन हजार नऊचा जून. आठवीचा वर्ग. पहिल्या तासाला मी एकेकाला विचारत होतो, कोणाला काय शिकायचंय? वैभवच्या वडिलांनी घरी पेटी आणली होती, म्हणून त्याला पेटी. शिवकन्येच्या घरी मठातलं भजन चालायचं, म्हणून तिलाही पेटी. तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली. राजेश्री. आपल्या गावात लग्नाकार्यात, जत्रेत हलगी वाजवणारे मुंजाजीराव, त्यांची लेक.

ती म्हणाली, "सर, मला पेटी शिकायचीय."

मी काय म्हणालो ते शब्दासकट आठवतं. "तुला कशाला पेटी? घरची हलगी घेऊन ये. तुला शिकवायचीसुद्धा गरज नाही, तुमच्या रक्तातच आहे ती."

वर्ग हसला. मीही हसलो. आधी मी हसलो, मग वर्ग हसला, असा तो क्रम होता.

ती बसली नाही. म्हणाली, "सर, मला हलगी येत न्हाई. आमच्यात पोरी न्हाई वाजवत."

"येते गं. काठीनं मारायचं असतं, त्यात काय शिकायचंय?"

श्रोतेहो, त्या वाक्यात जात होती. मला तेव्हा ते कळलं नाही असं म्हणून मी सुटू शकतो, पण ते खोटं होईल. मला कळलं होतं. मला वाटलं होतं, गमतीत चालून जातं. आणि चाललंही. त्या दिवशी एकानंही मला टोकलं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात परभणीला समूहगीताची स्पर्धा होती. गाणं मातीतलं होतं, त्याला हलगी हवी असं माझ्या मनानं घेतलं. स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. मी राजेश्रीला सांगितलं, हलगी तुझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी मुंजाजीराव शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा माणूस, पण मी "काय रे मुंजाजी" असंच म्हणालो. बस म्हणालो नाही.

ते म्हणाले, "सर, लेकरू रडायलंय. आठ दिसांत हलगी कशी यील? मला सात वरसं लागली. पह्यलं वरीस तर बापानं काठी हातात दिली न्हाई, नुसतं कान देऊन बसवलं."

मी म्हणालो, "अरे, मला कुठं तुझ्यासारखी लग्नातली हलगी पाहिजे? साधा ठेका पाहिजे."

"साधा म्हंजी कंचा, सर?"

खरंच विचारत होते ते. त्यांना ठेक्याचं नाव हवं होतं. मला सांगता आलं नाही. मी घड्याळात पाहिलं आणि म्हणालो, "माझा तास आहे."

ती आठ दिवसांत जेवढं जमलं तेवढं शिकून आली. परभणीला पडद्यामागं अकरा मुलं उभी होती, मी सगळ्यांचे कपडे बघत होतो. राजेश्रीच्या डाव्या हाताच्या बोटाला मळकी चिंधी बांधलेली दिसली.

"काढ ते. स्टेजवर शोभत नाही."

"सर, रगत येतंय."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

तिनं काढली. बोटाला काय झालंय, हेही मी विचारलं नाही.

दोन कडवी झाली. तिसऱ्याला तिच्या डाव्या हातातली बारीक काठी निसटून खाली पडली. ती वाकली, उचलली, पुन्हा धरायला गेली, तोवर सगळ्यांचा ताल गेला होता. आमचा नंबर आला नाही. परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही परभणीच्या फलाटावर उभे होतो. मला राग होता आणि तो कुठंतरी काढायचा होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "जगात जे वाद्य सगळ्यांत सोपं, तेही हिला जमलं नाही. आणि हिला म्हणे पेटी शिकायची."

पुन्हा सगळे हसले. ती रुळांकडं बघत राहिली.

त्यानंतर ती माझ्या तासाला आली नाही. दहावीपर्यंत संगीताच्या तासाला ती वाचनालयात बसायची, आणि मी तिची हजेरी लावायचो. लोकहो, ते मला औदार्य वाटायचं! मनात म्हणायचो, बघा, कोरे सर पोरीला सांभाळून घेतात.

यानंतर मी सुखानं पंधरा वर्षं काढली. आठवण आली नाही असं नाही. आली की मी पेटीचा भाता जोरात ओढायचो. तक्ता जुना झाला तेव्हा नवीन कागदावर उतरवून घेतला, पहिल्या ओळीसकट. हे मी स्वतःच्या हातानं केलं, म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी शिवानीताईंनी सांगितलं, सर, निवृत्तीआधी आपल्या भागातल्या वाद्यांवर एक पाठ तयार करा. मी म्हणालो, हलगी घेतो, आठ दिवसांत बसवतो. कुठला आकडा माझ्या तोंडून गेला ते तेव्हा लक्षात आलं नाही.

रविवारी दुपारी मुंजाजीरावांकडं गेलो. त्यांनी खाट झटकली, म्हणाले, "बसा, सर." काडीकचरा पेटवून हलगी धगीवर फिरवली, कातडं ताणलं, बोटानं वाजवून पाहिलं आणि माझ्या हातात दिली. उजव्या हातातली जाड काठी कशीबशी चालली. डाव्या हातातली बारीक काठी, ती कडेला बोटानं दाबून धरायची आणि तिच्यानं नुसतं थरथरवायचं. माझी पेटीतली सगळी विद्या त्या एका बोटापाशी येऊन थांबली.

"घाई करू नका," मुंजाजीराव म्हणायचे. "हात आयकंल तवा आयकंल."

पूर्वी केलेल्या अपमानाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. मला वाटलं, विसरले असतील. माणसाला आपल्या सोयीचं फार लवकर वाटतं.

चौथ्या रविवारी माझ्या डाव्या हाताच्या बोटाची साल निघाली आणि रक्त आलं. त्यांच्या पत्नी धुरपताबाई घरातून हळद आणि फाटक्या लुगड्याची चिंधी घेऊन आल्या. बोट बांधता बांधता सहज म्हणाल्या, "राजीचं बी ह्याच बोटाचं असंच झालं व्हतं, सर. तुमच्या त्या परभणीच्या वक्ताला. म्या बांधून दिलं व्हतं, पर येताना चिंधी कुठं पाडली की पोरीनं."

आईला ठाऊकच नव्हतं. पंधरा वर्षांत पोरीनं आईला सांगितलं नव्हतं, की ती चिंधी मी काढायला लावली.

मी तिथंच सांगितलं. दोघंही ऐकत होते. धुरपताबाई उठून आत गेल्या आणि मी होतो तोवर बाहेर आल्या नाहीत. मुंजाजीराव बराच वेळ हलगीच्या कडेवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "आम्हाला काय सांगता, सर? तिला सांगा."

राजेश्री आज येलदरीकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. मी जिंतूरवरून बस बदलून गेलो. लसीकरणाचा दिवस होता, बाहेर बायका लेकरं घेऊन बसलेल्या. मला पाहून ती उभी राहिली, आतल्या खोलीत खुर्ची दिली, चहा सांगितला. मी दार लोटून घेतलं आणि हात जोडले. म्हणालो, "राजेश्री, माझं चुकलं. मला माफ कर."

ती म्हणाली, "सर, तुम्ही बोललात सगळ्या वर्गासमोर. फलाटावर बोललात, तिथं तर अनोळखी माणसंबी होती. अन् माफी मागायलात इथं, दार लोटून."

मला खुर्ची बोचायला लागली. मी म्हणालो, "मग काय करू?"

"निरोपाचा कार्यक्रम असंल की तुमचा. तिथं सांगा."

"तू येशील?"

"न्हाई. मी कशाला येऊ? मला सगळं ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा."

निघताना मी वेड्यासारखं विचारलं, "माझी पेटी तुला आणून देऊ का? अजूनही शिकता येईल."

म्हणाली, "आता वेळ न्हाई, सर, अन् हौसबी राहिली न्हाई." आणि तिनं दार उघडलं. "बाहेर लेकरं रडायलीत. येऊ का मी?"

माफ केलं असं ती म्हणाली नाही. नाही केलं असंही नाही. मी बसथांब्यावर दोन तास बसलो होतो. साठीला टेकलेला माणूस, पायाशी पिशवी, आणि मान वर करायची सोय नाही.

तर तुकडी दोन हजार बारा, तुमच्यासमोर सांगतो. राजेश्रीला हलगी जमली नाही, हे मी खोटं बोललो होतो. आठ दिवसांत, बोटातून रक्त येत असताना, तिनं दोन कडवी तालात वाजवली. मला शांत दुपारी, गुरू समोर बसलेला असताना, तीन महिन्यांत एक कडवं वाजवता आलेलं नाही. तिला पेटी आली असती की नाही हे कुणालाच कधी कळणार नाही, कारण मी तिला पेटीवर बोट ठेवू दिलं नाही. तुम्ही हसलात त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. तेरा-चौदा वर्षांची लेकरं सर हसले की हसतात. मी चाळीस ओलांडलेला होतो.

वैभव, मान खाली घालू नकोस. मला जे आठवायला हवं त्याचीच तू आठवण करून दिलीस.

मुंजाजीराव तिसऱ्या ओळीत बसले आहेत. त्यांना वर बसवावं असं मी आबासाहेबांना म्हणालो होतो, आबासाहेब लगेच तयारही झाले. पण मुंजाजीरावच म्हणाले, "तुमच्या कार्यक्रमात मला शोभेला नका बसवू, सर. मी खालीच बरा." त्यांचं बरोबर आहे, म्हणून मी आग्रह केला नाही. धुरपताबाई आलेल्या नाहीत. तेही बरोबर आहे.

तक्ता मी काल काढला. भिंतीवर चौकोन राहिलाय, तो रंगवून घ्यावा अशी शिवानीताईंना विनंती. माझ्या जागी आदिनाथ सर येत आहेत. आदिनाथ सर, तुम्ही माझ्यापेक्षा चांगले वादक आहात, मी तुम्हाला काय सांगणार? पण एक मागणं आहे. पहिल्या तासाला कुणी उठून एखादं वाद्य मागितलं, तर ते वाद्य आधी त्याच्या हातात द्या. सोपं की अवघड, ते त्याचं त्याला कळेल.

आता आभार. संस्थेनं एकतीस वर्षं मला अन्न दिलं. सहकाऱ्यांनी माझा तिरसटपणा सोसला. माझी पत्नी उमादेवी समोर बसली आहे. हे सगळं तिनंही आत्ता, तुमच्याबरोबरच, पहिल्यांदा ऐकलं. घरी गेल्यावर ती काय म्हणेल याची मला धास्ती आहे, आणि ती असायलाच हवी.

निरोपाच्या दिवशी गोड बोलायचं असतं. मी तुमच्या तोंडची चव घालवली. बोलण्यात लांबण लागली असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं ते पोटात घाला.

राजेश्रीची गोष्ट मात्र पोटात घालू नका. ती घरी जाऊन सांगा.

येतो मी. नमस्कार.