तीस टक्क्यांतली हंसाबाई

ऐका बाप्पा, मारेगावच्या स्टँडवर कानावर पडलेली गोष्ट सांगतो. तांड्यावरची हंसाबाई मोबाईल कंपनीच्या मंदार साहेबाले गाठून बाकावर बसली.

"साहेब, आमच्या तांड्यात टॉवर काहून नाई?"

"मावशी, टॉवर कुठं चालेल ते कॉम्प्युटर सांगतो. दहा वर्षांत तुमचा तांडा रिकामा व्हायची शक्यता सत्तर टक्के निघाली."

"तो कधी आलता तांड्यात?... रेंज नाई म्हणूनच तं पोट्टे चालले!"

"तेही धरलंय त्यात."

"अन् मी राह्यली, थे?"

"ते उरलेल्या तीस टक्क्यांत."

हंसाबाई बाजूच्या माणसाकडं वळली.

"भाऊ, माहा पोरगा सुनील तांड्यातल्या घराले कुलूप लावाले अन् मले पुण्याले न्याले येऊन राह्यला. त्याले तुमच्या फोनवरून सांगा ना, टॉवर येते म्हणा."