दुपारचं सोलर

सोलरचं म्हणता तर आमच्या घरचं ऐका. सरकारी योजनेतून छतावर प्लेटा बसवल्या. अख्खी गल्ली बघायली होती, यांचं बिल उतरलं की आपण बी अर्ज करू. हिवाळाभर ठीक चाललं. मग मे महिना लागला, परभणीचं ऊन ते, आणि मोबाईलवर बघावं तर रोज भर दुपारी वीज शून्य. बिल चढायला लागलं, तसे गल्लीतले लोक गप झाले.

योजनेच्या इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "दुपारी लय ऊन हाय, चारनंतर येतो." आला, तारा तपासल्या, सगळं ठणठणीत. पुन्हा बोलावलं, पुन्हा चारनंतर, पुन्हा ठणठणीत. आता त्यालाच चैन पडंना. शेवटी एक दिवस डोक्याला रुमाल गुंडाळून तो भर दुपारी दारात उभा.

वर गेलो तर प्लेटांवर ओली गोणपाटं, आणि आमची माय तांब्यानं त्यांच्यावर पाणी शिंपडायली होती.

"माय, हे काय?"

"तापून तडकल्या म्हणजे? रांजणाला बी गुंडाळतोच की आपण. चार वाजले की काढते."

इंजिनिअर म्हणाला, "मावशी, ऊन लागल्याबिगर वीज कशी होणार? सोलरचं खरं काम दुपारीच असतंय."

मायनं त्याच्या डोक्यावरच्या रुमालाकडं जरा वेळ बघितलं.

"असंय व्हय? मग साहेब, तुमी बी सोलरचंच काम करता ना? तुमी तर चारनंतर यायचे."