कुंकवानं धरलेला स्क्रू

माहं माहेर पिंपळगाव राजाचं, बाप लोहार, आन् आम्ही साऱ्या बहिनीच, मंग भाता कोन मारन, मीच मारे, लोकं म्हनत पोरीच्या जातीले हे शोभत नाई, बाप म्हने शोभत नाई तं तुम्ही या मारायले. असा होता माहा बाप, तोंडाचा लय फटकळ, आन् मी त्याच्यावरच गेली, हे तुमच्या ध्यानात आलंच असन. लग्न करून अठी तालुक्याच्या गावी आली तं नवऱ्याचं बंदुका दुरुस्तीचं दुकान, लायसनचं, सासऱ्यापासूनचं. जंगलाकाठचे शेतकरी रानडुकरासाठी बंदूक ठेवतात ना, तेच आमचं गिऱ्हाईक. नवऱ्याजवळ बसून बसून मीबी शिकली. तो गेला तवा दुकान माह्या नावावर करायले किती चकरा मारल्या ते इचारू नका, साहेब म्हने बाई, तुम्ही पापडाचा धंदा करा. मी म्हनलं साहेब, पापड माह्यानं गोल होत नाई. हासला बिचारा, मंग केली सही.

तं काय सांगू तुम्हाले ताई, ही गोष्ट मांगच्या इलेक्शनची. इलेक्शन लागलं का लायसनवाल्याइले आपापल्या बंदुका ठान्यात जमा करा लागतात, निकाल लागेलोक तठीच राह्यतात. नाई केली तं लायसन गेलं समजा, आन् एकडाव गेलं का गेलंच, आजकाल नवं कोनाले भेटून राह्यलं? दसरा नुकताच झालता. मी जेवून हात धुवून राह्यली तं जानेफळकडचे महादू आबा दारात, संगं त्याहिचा पोरगा गनेश, आन् रायफल जुन्या धोतरात गुंडाळेल. आबाचं तोंड पार उतरेल. म्हनले शेवंता, ठान्यावाले घेऊन नाई राह्यले, आत काडतूस अडकेल हाय, भरेल बंदूक जमा होत नाई म्हनतात, खाली करून आना, आन् आजचा शेवटचा दिवस हाय वो, संध्याकाळी बंद.

मी नळी पहिले रेतीच्या गोनीकडं केली. खटका पाह्यला, हालेना. बॉडी खोलल्याबिगर काडतूस निघत नाई, आन् बॉडी ज्या स्क्रूवर हाय तो पाह्यला तं काय, खाचच नाई! पेचकस बसवाव तं कुठं बसवाव? गनेशनं घरी दहा रुपयाचं नानं घालून फिरवलता, खाच पार घासून सपाट. म्हनलं अरे बाबा, तुह्या हाताले काय खाज सुटली होती का बे?

आन् त्या स्क्रूच्या भवताल सारं लाल. मी म्हनलं हे काय? आबा म्हनले कुंकू. आता दसऱ्याले हत्याराची पूजा सारेच करतात, मीबी करते माह्या पेचकसाची, हातोडीची, फूल वाहते, नारळ फोडते. पन आबा काय करत, हळद-कुंकू तुपात कालवत आन् दरसाली नेमकं त्या स्क्रूवरच लावत. काऊन तं म्हने तेच बंदुकीचं कपाळ. त्याहिचा बापबी तठीच लावे. आन् पुजेचं कुंकू पुसाव नाई म्हनून कधी पुसलंबी नाई. तूप झिरपत गेलं, कुंकू बसत गेलं, गंज चढला, आन् तो स्क्रू असा धरला का जनू बॉडीतच उगवला.

आता पाहा माही गत. हातोडीनं ठोकाव तं आत जितं काडतूस. तापवाव तं तेच, काडतूस. आन् गनेश एकसारखा म्हने मावशी ड्रिल मारा ना, मावशी ड्रिल मारा ना. मी म्हनलं डोये हायेत का तुले? स्क्रूच्या बाजूलेच नंबर कोरेल होता, बंदुकीचा नंबर. ड्रिल जरासं घसरलं आन् नंबराले ओरखडा पडला तं पोलीस तुह्या बापालेबी नेतीन आन् मलेबी.

दाभनानं ते कुंकू टोकरत बसली. कुंकू खरवडून राह्यली आन् आबा डोये मिटून हात जोडून बसेल, जशी मी देवाचंच कपाळ खरवडून राह्यली. घासलेट टाकलं, थांबली, पुन्हा टाकलं. पेचकस लावला, घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. ऊन दुकानातून पार रस्त्यावर गेलं. मी म्हनलं देवा, काऊन असा अंत पाहून राह्यला? तवा आबा उठले. म्हनले राहू दे शेवंता, जाऊ दे ते लायसन, मी बंदूक घरीच नेतो, मका उभी हाय, डुकरं रोज येतात, होईन ते होईन. आन् मी भडकली. मी म्हनलं आबा, अक्कल गहान ठेवली का? बिना लायसनची बंदूक घरात ठेवून जेलात जाता? बसा खाली! बसले बिचारे. माह्यापुढं कोन बोलते.

मंग करवतीच्या पात्याचा तुकडा घेतला, सानेवर बारीक केला, आन् त्या स्क्रूच्या डोक्यावर नवी खाच पाडाले बसली. नंबरावर कातड्याचा तुकडा धरेल. श्वास घ्यायचाबी भेव. खाच पडली तसा पेचकस घासून तिच्यात गच्च बसवला, आबाले म्हनलं बॉडी मांडीत आवळून धरा, मी छातीनं पेचकस दाबते, आन् गनेश, तू पेचकसाले पाना लावून फिरव, पन हळू, तुह्या बायकोचं बाळंतपन समजून फिरव. त्या टायमालेबी पोट्टा लाजला. फिरवलं. नाई. फिरवलं. नाई. मी दातावर दात धरून दाबून राह्यली, छातीले वळ पडला, आन् एकाएकी कर्र झालं. मले वाटलं तुटला. तुटला नोता ताई, सुटला होता! आबा ढसाढसा रडले. मीबी रडली, लपवाचं काय त्यात.

काडतूस काढलं, हिरवं पडेल होतं. नवा स्क्रू घातला, बॉडी बसवली, खटका वाजवून पाह्यला, आन् गनेशनं गाडी अशी पळवली का इचारू नका. ठान्याचं दार बंद व्हायच्या आत पोचले. जमादारानं नंबर पाह्यला, बंदूक घेतली. आबानं फोनवर सांगतलं, बाई, तुह्या हाताले यश हाय, तुहे हात असेच चालोत. त्या दिवशी मी पोटभर जेवली.

निकाल लागल्यावर गनेश आला, एकलाच. डोकं भादरेल. पाह्यलं आन् समजली. मका सोंगनीले आल्ती, म्हने, आन् बंदूक ठान्यात. बाबा पहाटे डबडं वाजवत गेले शेतात, रोज जात. डुकरीन होती, संगं पिल्लं. मांडी फाडली. दवाखान्यात नेऊलोक रगतच राह्यलं नाई.

मी म्हनलं गनेश, मी त्याहिले बसवलं रे, ते घरी नेऊन राह्यले होते बंदूक. तो म्हने मावशी, तुम्ही काय करसान, कायदा हाय. हाव, कायदा हाय. मी आजबी तेच सांगन, कोनी इचारलं तं जमा कराच म्हनन, दुसरं काय म्हनू? पन रात झाली का मले आबाचं ते राहू दे शेवंता आठवते आन् झोप लागत नाई. बंदूक ठान्यातच हाय अजून. लायसन आबाच्या नावाचं, पोराले भेटून नाई राह्यलं, चकरा मारून राह्यला तो. माह्या हातचा नवा स्क्रू तिच्यात चांगला बसेल हाय, तिले काहीच झालं नाई.

लोकं म्हनतात शेवंताबाईच्या हातून निघत नाई असा स्क्रू नाई. निघते बापा, काऊन नाई निघनार. तुम्ही आता निघा ताई, उजेड हाय तवर. मकेच्या बांधानं नका जाऊ, लांब पडलं तरी डांबरी सडकंनंच जा. सुखी राहा.