फुकटची कुंडली आणि मुक्ताबाईंची गाणी

ठिकाण: तासगाव पोलीस ठाणे. ऑगस्ट १९९७.

जबाब देणार: आम्रपाली महेंद्र होवाळ, वय ३४, धर्म बौद्ध, धंदा डी.टी.पी. व टायपिंग, रा. तासगाव, एस.टी. स्टँडच्या मागे. मूळ रा. उंब्रज, ता. कराड, जि. सातारा.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी राहण्यास असून घराच्या पुढच्या खोलीत माझे दुकान आहे. दुकानात एक संगणक व एक प्रिंटर आहे. माझे पती सैन्यात असून सध्या बाहेर असतात. माझी आई मुक्ताबाई, वय अंदाजे ७०, माझ्याजवळच राहते. आज तिला घरी बघणारे कोणी नसल्याने सोबत आणले आहे. ती बाकावर बसली आहे. तिला ऐकू येते व समजते, बोलता येत नाही.

आईने उमेदीत उंब्रजला हमरस्त्याच्या कामावर खडी फोडली. काम करता करता ती गाणी रचत असे. तिला लिहिता-वाचता येत नाही. सगळी गाणी तोंडपाठ होती. दुकानात संगणक आला तेव्हापासून मी ती उतरवून घेऊ लागले. दुपारी गिऱ्हाईक नसले की ती खुर्चीशेजारी बसून गात असे आणि मी "हं" म्हणत टाइप करत असे. अशी चारशेच्या वर गाणी झाली होती. टेपरेकॉर्डर मी एकदा आणून ठेवला होता. तिने तो बाजूला सारला. "त्यो डबा हं म्हणत न्हाई. हं म्हटल्याबिगर म्होरची ओळ येत न्हाई गं," असे म्हणाली. तेव्हा मी हसले होते.

ती गाणी कागदावर का काढली नाहीत, असे मला विचारण्यात आले. त्याचे कारण की आईने काढू दिली नाहीत. "सगळी झाल्याबिगर छापायचं न्हाई. मधीच छापलं तर माणसं म्हणत्यात, म्हातारी संपली," असे तिचे म्हणणे होते. फ्लॉपीवर मी दोनदा प्रती काढल्या होत्या. त्यांतल्या काहींना पावसाळ्यात बुरशी लागली. बाकीच्या लग्नसराईत रिकाम्या करून त्यांवर लग्नपत्रिका भरल्या. गाणी संगणकात आहेतच, ती कुठे पळून जाणार आहेत, असे मला वाटले.

गेल्या दिवाळीनंतर टपालाने एक पाकीट आले. वर माझ्या दुकानाचा पत्ता टाइप केलेला होता. आत एक फ्लॉपी आणि एक चिठ्ठी होती की, हा कुंडली काढण्याचा प्रोग्रॅम आपल्या दुकानास फुकट भेट देत आहोत. पाठवणाऱ्याचे नाव नव्हते, फक्त खाली टपाल पेटीचा (पोस्ट बॉक्सचा) नंबर व एका लांबच्या शहराचे नाव होते. आमच्यात कुंडली बघत नाहीत. आम्ही ते सगळे सोडलेले आहे. परंतु लग्नपत्रिका छापायला येणारे गिऱ्हाईक "कुंडली बी काढून देता का?" असे विचारते आणि नाही म्हटले की दोन्ही कामे दुसऱ्या दुकानात जातात. म्हणून मी ती फ्लॉपी घातली. आईने बघितले. ती म्हणाली, "आगं, आपुन गिरह सोडलं, आता ते मशिनीत घालतीस व्हय?" मी म्हणाले, "गिऱ्हाइकाचे आहेत, आपले नाहीत." प्रोग्रॅम चांगला चालला. कुंडल्या झोकात निघत. फुकट ते पौष्टिक म्हणतात, तशातली गत.

फेब्रुवारी महिन्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली व वाचा गेली. डॉक्टरांनी वाचा परत येईल असे सांगितले नाही. दवाखान्यातून घरी आणले त्या दिवशी मी संगणक लावून तिची गाणी तिला एकेक करून वाचून दाखवायला सुरुवात केली. त्यानंतर रोजच दाखवत होते. चुकीचे वाचले तर ती डावा हात वर करी. मग मी ते दुरुस्त करत असे. तिचे माझ्याशी बोलणे एवढेच उरले होते.

जून महिन्यात एके सकाळी संगणक चालू केला असता नेहमीचे काही आले नाही. काळ्या पडद्यावर तांबडी चौकट आली. त्यात इंग्रजीत लिहिले होते की, आपली फुकट वापराची मुदत संपली आहे, आपल्या सर्व फाइली कुलूपबंद केल्या आहेत, खालील टपाल पेटीवर अमुक रकमेचा ड्राफ्ट पाठवावा, म्हणजे किल्ली पाठवू; दुसऱ्या मार्गाने उघडण्याचा प्रयत्न केल्यास फाइली कायमच्या नष्ट होतील. पेटीचा नंबर फुकटच्या चिठ्ठीवरचाच होता. मी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. तेच आले. आई मागे खाटेवर वाचनाची वाट बघत होती. मी तिला लाइट गेल्याचे सांगितले. पंखा फिरत होता.

मी त्याच दिवशी ड्राफ्ट काढून पाठवला. पुष्कळ दिवसांनी पाकीट परत आले. त्यावर अशी पेटी आता नाही असा टपालाचा शेरा होता. म्हणजे पैसे द्यायला तयार असूनही घेणारा नव्हता. शेजारच्या बाईंनी मशीनला दृष्ट लागली आहे, लिंबू-मिरची बांधा असे सांगितले. आमच्या घरात तसले चालत नाही. परंतु खरे सांगते, त्या दिवसांत कोणी गंडा बांध म्हटले असते तर मी हातात, गळ्यात आणि संगणकालाही बांधला असता.

त्यानंतर सांगलीहून राहील मुल्ला यांना बोलावले. ते संगणक दुरुस्तीचे काम करतात व माझे ओळखीचे आहेत. त्यांनी आपल्या फ्लॉपीने संगणक चालू करून आत पाहिले. डिस्क भरलेली दिसत होती, पण फाइल एकही दिसत नव्हती. ते म्हणाले, "ताई, व्हायरसनं सगळं खाल्लंय. आत काय बी उरलं न्हाई, नुसती घाण भरलीय. फॉरमॅट मारल्याबिगर हे जायचं न्हाई." मी विचारले, "गाणी?" ते म्हणाले, "ती तर आदीच गेल्यात. आता निदान मशीन तरी वाचवू." मी त्यांना थोडे थांबायला सांगून आत गेले. आईला भात भरवला. बाहेर येऊन "मारा" म्हणाले. त्यांनी डिस्क पुसून त्यावर डॉस, विंडोज व मराठी टायपिंगचे प्रोग्रॅम पुन्हा भरले. संगणक नव्यासारखा चालू लागला.

राहील मुल्ला यांचेविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांना जे दिसले ते त्यांनी सांगितले. पुढे खरे काय ते कळल्यावर ते माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले, आत आले नाहीत.

खरे असे की, मला आशा सुटेना. पुसलेले परत काढणारे एक गृहस्थ पुण्यात आहेत असे समजल्यावरून डिस्क काढून टॉवेलात गुंडाळून मी पुण्यास घेऊन गेले. कुंडलीची मूळ फ्लॉपीही नेली. त्यांनी ती आपल्या यंत्रावर तपासली. ते म्हणाले की, या प्रोग्रॅमने फाइलींच्या आत हातच लावलेला नसतो. संगणक किती वेळा चालू झाला ते तो गुपचूप मोजतो आणि आकडा भरला की फाइलींची नुसती नावे बदलून त्या लपवतो. मी विचारले, मग काढायचा कसा होता? ते म्हणाले, "त्या डिस्कवरून मशीन चालूच करायचं नाही. स्वच्छ, लिहिण्याला कुलूप लावलेल्या फ्लॉपीवरून चालू करायचं, याची लपलेली फाइल आणि मशीन सुरू होताना याला हाक मारणारी ओळ काढून टाकायची, मग नावं परत लावायची. दुपारभराचं काम." मी विचारले, आणि गाणी? ते म्हणाले, "होती ना, बाई. तुम्ही फॉरमॅट केलंत तोपर्यंत सगळी जागेवर होती. आता वर दुसरं लिहिलं गेलंय." त्यांनी माझ्याकडून काही घेतले नाही. परतीच्या गाडीत मी तासगावच्या पुढे गेले, उतरायचे लक्षात आले नाही.

सदरची फ्लॉपी, चिठ्ठी व परत आलेले पाकीट मी हजर करीत आहे. माझी तक्रार ते पाठवणाऱ्या अनोळखी इसमाविरुद्ध आहे. हवालदार सयाजीराव यांनी विचारले, "आवं ताई, मशीन जाग्याव हाय, कुलूप तुटलं न्हाई. मग गेलं काय? मालाचं वर्णन लिवायला लागतं, त्याबिगर कागूद म्होरं जात न्हाई." त्यावर मी सांगितले की, माल म्हणजे गाणी. ते म्हणाले, गाण्याचे वर्णन कसे लिहायचे? मी म्हणाले, मला त्यांतले एक पाठ आहे, ते लिहून घ्या. जबाबात गाणे घेत नाहीत असे ते म्हणाले. मी म्हणाले, मग निदान एक तरी कुठल्यातरी कागदावर राहील. त्यांनी कागद पुढे ओढला आणि सांगा म्हणाले. गेलेल्या मालाचे वर्णन पुढीलप्रमाणे:

लेक चालली शाळंला, पाटी तिच्या काखंला
मी फोडीते खडी, हमरस्त्याच्या कडंला
घंटा वाजं शाळंची, तिकडं माझा कान गं
हातुड्याच्या घावाला, येई अक्षराचं भान गं

असा एकूण चारशेच्या वर माल.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. गाणे वाचले जात असता तिसऱ्या ओळीला माझ्या आईने बाकावरून डावा हात वर केला. हवालदारांनी ती ओळ पुन्हा वाचली. तिने पुन्हा हात वर केला. बरोबर काय आहे ते तिला सांगता आले नाही व मला आठवत नाही. ती एक ओळ सोडून बाकी जबाब खरा व बरोबर आहे.

सही: आम्रपाली होवाळ