शनिवारची गाडी

सावेडीतल्या गॅरेजबाहेर एक सासरे आणि त्यांची सून जुन्या गाडीपाशी बोलत होते. ती ओढून न्यायला भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता.

"मामा, भंगारवाल्याला थांबवा. गाडी शनिवारनंतरच का अडते?"

"शनी लागलाय. म्हनून तर मी दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतो, शुक्रवारी सोडतो."

"कुठं?"

"बॅटरीच्या तारेला. दुखनं तिथंच हाय न्हवं?"

"मागच्या शनिवारी तुम्ही पारनेरला होता. त्या आठवड्यात एकदा तरी अडली?"

"न्हाई."

"बघा, तुमचा दोरा तारेच्या पकडीत अडकलाय. वीज जाणार कशी?"

सुनेने दोरा काढला, पकड आवळली. सासऱ्यांनी चावी मारली, तसे इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले.

"पुन्हा मारा चावी!"

पुन्हा सुरू झाले.

"लाव त्या भंगारवाल्याला फोन. म्हनावं, तुझा टेम्पो बंद पडला तर सांग, आमी ओढून आनू!"