दाराजवळची जागा

टाळ थांबवा! थांबवा जरा. आप्पा, पेटीसुद्धा! — आप्पांचं असं आहे मंडळी, माझा सूर सुटला की ते पेटीनं झाकतात. आज झाकू नका आप्पा. सुटू दे! आज मला गोड गळ्यानं सांगायचंच नाहीये. आज मला राग आलाय.

मला कीर्तन शिकवणारे बुवा म्हणतात, "मैथिली, आख्यान सांगताना कपाळाला आठी नको." बुवा इथंच देवळात बसलेत, तिकडं खांबाला टेकून. बुवा, माफ करा. आठी पडणार आहे!

आधी एक प्रश्न. सोपा आहे, मार्क कापले जाणार नाहीत. मला सांगा — पोर मोठं, की शाळेचं नाव मोठं?

बोला की!

"पोर!" — वा! काय पटकन बोललात! बायकांच्या बाजूनं तर एका सुरात आलं. लक्षात ठेवा हं काय बोललात ते. मी शेवटी परत विचारणार आहे.

तर मंडळी, ऐका.

आपल्या गावात एक मोठी शाळा आहे. नाव घेत नाही — पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्षकाका बसलेत आणि मी अजून त्याच शाळेत दहावीला आहे! नाव घ्यायची गरजही नाही. फाटकावर हा एवढा फळा आहे, तांबड्या अक्षरात: "निकाल शंभर टक्के." ती अक्षरं कुणी काढली? सातपुते पेंटरनी. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या. शाळेच्या भिंतीवरचे सगळे सुविचार त्यांचे. "मुले ही देवाघरची फुले" — त्यात फुलाचं चित्रसुद्धा त्यांनी पदरचा रंग घालून काढलंय!

या सातपुते पेंटरांची मुलगी जाई. माझ्याच वर्गात. गोरी ना सावळी, उंच ना बुटकी, गप्प बसणारी — पण एकदा बोलायला लागली की अशी टोपी उडवायची की समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं!

नववीच्या दिवाळीनंतर जाईला काहीतरी व्हायला लागलं. प्रार्थनेची घंटा झाली की छातीत धडधड. हात थंडगार. श्वास पुरायचा नाही. तपासलं तर ताप नाही, खोकला नाही, पोट ठीक. मग आजार कसला? आपल्याकडं नियमच आहे — थर्मामीटरमध्ये दिसत नाही तो आजार नाही! जाईची आत्या आली, म्हणाली, "दृष्ट लागलीय," मिरच्या ओवाळल्या. शेजारचे काका म्हणाले, "अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय!" वर्ग म्हणाला, "नाटकी."

जाईनं बाईंकडं एकच गोष्ट मागितली. फी माफ करा म्हणाली नाही. पेपर फोडा म्हणाली नाही. म्हणाली, "बाई, मला दाराजवळ बसू द्या. दार दिसलं की मला श्वास येतो."

किती मोठं मागणं हो? एक बाक!

बाई म्हणाल्या, "हे काय थेटर आहे का, हवं तिथं बसायला? नंबराप्रमाणे बसायचं. दाराजवळ मॉनिटर बसते."

आता थांबा. मॉनिटर कोण होती, माहितीये?

मी!

हो. हीच. ही फेटा बांधून तुम्हाला शहाणपण सांगायला उभी राहिलेली! खडू आणायचा, हजेरीपट ऑफिसात न्यायचा, म्हणून दाराजवळची जागा माझी. मधल्या सुट्टीत जाई माझ्याकडं आली. "मैथिली, अदलाबदल करू या ना. बाईंना कळणारसुद्धा नाही." मी काय म्हणाले? "नको बाई, मला ओरडा बसेल." आणि डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी होती. अजून आठवतं. ती खिचडी मी खाल्ली, मंडळी. सगळी खाल्ली!

पंधरा दिवसांनी चाचणी परीक्षा. भूमितीचा पेपर. जाई तिसऱ्या रांगेत मधोमध — डावीकडं तीन बाक, उजवीकडं तीन बाक. मध्येच उठली, धडपडत बाहेर पळाली आणि पाण्याच्या टाकीपाशी कोसळली. वर्ग हसला. मी हसले नाही. पण उठलेही नाही. दोन्ही एकच!

मग जाई शाळेत येईना. तीन महिने घरात, भिंतीकडं तोंड करून. एके दिवशी आईला म्हणाली, "आई, मला शाळाच नको असं नाही गं. मला मीच नको झालेय."

शोभाकाकू, म्हणजे तिची आई. त्यांनी त्या दिवशी मिरच्या फेकल्या, चप्पल पायात घातली आणि लेकीला साताऱ्याला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. आपल्यातल्या किती जणींनी नेलं असतं? अहो, दाताच्या डॉक्टरकडं आपण गाल धरून सगळ्या गावातून जातो, आणि मनाच्या डॉक्टरकडं जाताना तोंडाला रुमाल! डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो, सोबत बोलायलाही यायचं. पण जिथं ही रोज घाबरते, तिथंच रोज ढकलायची आणि औषधानं काम करायचं, असं होत नाही. शाळेनं थोडं वाकलं पाहिजे. नाहीतर शाळा बदला."

पेंटरकाका चिठ्ठी घेऊन मोठ्या सरांकडं गेले. आमच्या मुख्याध्यापकांना आम्ही मोठे सर म्हणतो. सर वाचून म्हणाले, "सातपुते, तुम्ही घरचेच. म्हणून सांगतो. पुढच्या वर्षी दहावी आहे. ही बसली आणि नापास झाली तर? तुमच्याच हातानं लिहिलेला फळा तुम्हालाच पुसावा लागेल! त्यापेक्षा हिचा दाखला काढा."

ऐकलंत? शाळा वाकणार नाही. फळा वाकडा होईल ना!

बरं, काढायचा दाखला. पण पोरीला न्यायची कुठं? मोरवाडीच्या माळावर एक छोटी शाळा आहे. बावीस मुलं. मुक्त विद्यालयाची परीक्षा देतात — झेपतील तेवढे विषय आत्ता, बाकीचे पुढं. मुलांशी बोलायला एक ताई खास ठेवलेल्या. आणि आपल्या गावात त्या शाळेला काय म्हणतात?

गप्प का? सगळ्यांना माहितीये! "वेड्यांची शाळा."

आत्या म्हणाली, "तिकडं घातलीस तर लग्न कोण करील हिच्याशी?" पोर पंधरा वर्षांची! तिला श्वास येत नाहीये, आणि आत्याला दिसतायत अक्षता! आणि पेंटरकाका? तेही अडले. म्हणाले, "शोभा, तेवीस वर्षं त्या शाळेच्या भिंतीवर माझा हात आहे. लोक म्हणतील, पेंटरची पोरगीच टिकली नाही." काकू म्हणाल्या, "भिंतीवर हात आहे ना? मग लेकीच्या पाठीवर कुणाचा आहे?"

काका उठले. गाडी काढली.

माळावरच्या शाळेत नलूताई भेटल्या. वाफ्यात रोपं लावत होत्या, हात मातीनं भरलेले. आमच्या मोठ्या सरांनी पहिला प्रश्न काय विचारला असता? "टक्के किती?" नलूताईंनी हात झाडले आणि जाईला विचारलं, "तुला कुठं बसायला आवडेल?"

जाई खाली बघून पुटपुटली, "दाराजवळ."

नलूताई म्हणाल्या, "कुठल्या गं? खोलीला तीन दारं आहेत. पावसाळ्यात त्यातून बकऱ्या येतात, तेवढं सांभाळून घे."

आणि जाई हसली! चार महिन्यांनी हसली. काका बाहेर गाडीपाशी उभे होते, त्यांनी ते ऐकलं. तिथंच गाडीच्या सीटवर डोकं टेकवलं. घातली शाळेत!

आता दाखला आणायला काका मोठ्या शाळेत गेले. बुवा म्हणतात, आख्यानात दाखला द्यावा लागतो. घ्या दाखला! शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो: "शाळा सोडण्याचे कारण." तो कागद जन्मभर मागं येतो, कॉलेजात जा, नोकरीला जा. क्लार्कनी कागद पुढं सरकवला. पेंटर माणूस — आधी अक्षर बघतो, मग अर्थ. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: "मानसिक आजार."

काका म्हणाले, "अक्षर सुरेख आहे. मजकूर खोटा आहे."

मोठे सर आतून बाहेर आले. "खोटा कसा? आजार नाही का तिला?"

"आजार आहे, सर. कारण नाही."

"म्हणजे?"

"आजार घेऊनच ती यायला तयार होती. कारण मी सांगतो, लिहा: 'दाराजवळ जागा दिली नाही.'"

"असं कुठं लिहितात होय, सातपुते!"

"का? रकाना कारणाचाच आहे ना?"

मी हजेरीपट घेऊन तिथंच ऑफिसात उभी होते, म्हणून सांगतेय. सर हळूच म्हणाले, "जूनमध्ये फळा रंगवायला तुम्हालाच बोलवायचंय. विसरू नका." धमकी बरं का, मंडळी! गोड आवाजातली. आप्पांच्या पेटीसारखी, सुटलेला सूर झाकणारी!

पण ज्या माणसानं तेवीस वर्षं दुसऱ्यांचे सुविचार लिहिले, त्याला त्या दिवशी स्वतःचा सुचला. म्हणाले, "बोलवा की. येईन. 'निकाल शंभर टक्के' असंच लिहीन. फक्त खाली एक ओळ जादा — 'एक दाराबाहेर ठेवून.'"

सरांनी तो कागद फाडला. नवा लिहिला: "पालकांच्या विनंतीवरून."

मग जाई बरी झाली का? तुम्हाला शेवट गोड लागतो, माहितीये. काही दिवस चांगले जातात. काही दिवस उठवत नाही. गोळी चालू आहे. तीन विषय दिले, सुटले; दोन राहिलेत, देईल. माळावरच्या बावीस पोरांपैकी एकही वेडं नाही, मंडळी. मी जाऊन आलेय. ती बावीस पोरं कुठल्या ना कुठल्या शंभर टक्क्यांतून उचलून बाहेर ठेवलेली आहेत!

हे मी जाईला विचारून सांगतेय. ती म्हणाली, "सांग. पण रडकं सांगू नकोस. चिडून सांग."

आता परत विचारते. पोर मोठं, की शाळेचं नाव मोठं?

मघाशी केवढ्यानं ओरडलात! आता का आवाज नाही? अध्यक्षकाका, तुम्ही तर मघाशी सगळ्यात आधी बोललात! उद्या शाळेत जाल, तेव्हा दाराजवळचा एक बाक मोकळा ठेवायला किती सभा घ्याव्या लागतील? मला शाळेतून काढणार असाल तर काढा. कारण नीट लिहा म्हणजे झालं!

आणि तुम्ही काकू, तुम्ही आजोबा, "वेड्यांची शाळा" म्हणणारी ती जीभ आणि विठ्ठल म्हणणारी ही जीभ — एकाच तोंडातल्या ना?

दोनच ओळी म्हणते. माझ्याच आहेत, गणिताच्या वहीच्या मागं लिहिलेल्या.

दारापाशी बसे भ्यालेले लेकरू
नको दूर सारू पांडुरंगा

तुम्हाला वाटतं पुढं बसलं की देव जवळ. बघा वर. देवाचं तोंड कुणीकडं आहे? दाराकडं! पहिल्या रांगेच्या डोक्यावरून तो थेट दाराशी बसलेल्याकडं बघतोय.

जाई आज आलीये. वळू नका! कुणी वळून बघायचं नाही, ती काही पाहायची वस्तू नाही. काल म्हणाली, "येईन, पण दाराजवळची जागा मिळाली तर." चार वाजल्यापासून माझं दप्तर त्या जागेवर होतं. एक काका मला म्हणाले, "ए पोरी, दप्तर उचल, इथं माणसं बसतात."

म्हटलं, माणसासाठीच ठेवलंय!

आता टाळ उचला. आप्पा, धरा सूर. आणि मागच्यांनी जरा सरकून बसा — दाराची वाट मोकळी राहू दे.