जवळची कॉपी

नाही हो, तुमची साइट कुठे हलवायची नाहीये — ती आहे तिथंच राहणार, घाबरू नका. आपण फक्त तिच्या कॉपी ठेवतोय, ठिकठिकाणी. म्हणजे कसं — आत्ता तुमचा स्वेटर बघायला कुणी लांबच्या थंड देशातून आलं, की त्याची मागणी थेट तुमच्या सर्व्हरपर्यंत येते, फोटो घेते आणि तेवढंच अंतर परत जाते. तोवर तो माणूस कंटाळून निघून जातो. आणि तुमचे फोटो तरी केवढे! टाके मोजता येतील एवढे मोठे. ते मी मघाशीच लहान करून घेतले. तर आता काय होणार — या कंपनीची मशिनं जगभर आहेत, त्यांच्याकडे तुमच्या फोटोंची एकेक कॉपी राहणार. ज्याने मागितलं त्याला जवळची कॉपी मिळते. मूळ सर्व्हरला विचारायलाच जात नाही कुणी. एवढंच आहे ते. नाव तेवढं भारदस्त, कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क.

फोन ना? वाजू दे. धाकटा भाऊ आहे माझा, करेल परत. हे बघा, इथे तुमच्या साइटच्या नावापुढचा पत्ता बदलला मी. आता विचारणारे आधी या कंपनीकडे जातील. लगेच नाही हं — सगळीकडे कळायला थोडा वेळ लागतो. काही ठिकाणी आजचा दिवस जुनाच पत्ता माहीत असेल. आता पुढचं महत्त्वाचं — कशाची कॉपी ठेवायची नाही ते. खरेदीचं पान, पत्ता भरायचं पान, यांची अजिबात नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने चपलांच्या दुकानाचं काम केलं आणि सरसकट सगळ्याच पानांची कॉपी ठेवली. झालं! जो येईल त्याला एकाच आजीबाईंच्या चपला, त्यांच्या पायाचं माप आणि घरचा पत्ता. हसा, हसा. मीसुद्धा हसले होते तेव्हा.

आता सांगा, कॉपी किती वेळ चालवायची? फोटो बदलत नाहीत, ते महिनाभर राहू देत. किमती बदलता ना तुम्ही? मग त्या पानाला थोडा वेळच. मुदत संपली की मशीन मूळ सर्व्हरकडे जाऊन विचारतं, काही नवीन आहे का. तोवर जे हाताशी आहे तेच देत राहतं, बिनदिक्कत. आता धाकटाच बघा — रोज विचारतो, आई कशी आहे? मी म्हणते, बरी आहे. जेवली? जेवली. झोपली? झोपली. तोंडात बसलंय ते, विचार करावाच लागत नाही — चला, पुढचं सेटिंग.

हे मी सगळ्यांना लावून देते. मूळ सर्व्हर बंद पडला तरी जुनी कॉपी दाखवत राहायची. गिऱ्हाइकाला पत्ताच लागत नाही मागे काय झालंय त्याचा. काय म्हणालात? आई आत झोपलीय का? — नाही, आई... आई नाहीये आता. गेली. बरेच दिवस झाले. अहो, नका उठू, मी बरी आहे. खरंच. त्या दिवशी सगळं उरकून आल्यावर संध्याकाळी एका डेंटिस्टची साइट पूर्ण केली मी, एक चूक नाही. मला काही वाटतच नाही, हेच तर आहे. तिची खाट भाड्याची होती, ते लोक येऊन घेऊन गेले. फरशीवर चार पायांचे डाग राहिलेत, मी त्यांना वळसा घालून केर काढते.

धाकट्याला माहीत नाही. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं त्याच आठवड्यात, डॉक्टर म्हणाले, इतक्यात धक्का नको. त्याची बायको म्हणाली, ताई, थोडं थांबू या. मग मीच बसवलं सगळं. व्हिडिओ लावू नकोस, तिच्या डोळ्यांना त्रास होतो, असं सांगितलं. आणि आवाज होताच की. आईला फोन जमायचा नाही, ती बोलायची आणि मी रेकॉर्ड करून त्याला पाठवायची. पण बाई भारी चोखंदळ — नको नको, नीट नाही झालं, पुसून टाक, परत घे! मी कशाला पुसतेय? राहिले तसेच फोनमध्ये, त्याने कधीच न ऐकलेले. त्यातला एकेक पाठवायचा. जेवलास का, दगदग करू नकोस, असलंच असतं. तो खूश. आता हिंडतो-फिरतो, डॉक्टरांनीही हरकत नाही म्हटलंय. बायको म्हणते, ताई, आता तुम्हीच सांगा. उद्या सांगते म्हणते मी. आणि उद्या परत, बरी आहे, झोपली आहे.

सकाळी पाठवला एक. शेवटपर्यंत ऐकला नव्हता — मी ऐकत नाही ते, नुसते पुढे ढकलते. त्यात आई म्हणतेय, ती मिशी काढून टाक मेल्या, म्हातारा दिसतोस. आता याने मिशी ऑपरेशनच्या आधीच काढली, आणि तेव्हा व्हिडिओवर बघून आईच किती हसली होती! मघाशी त्याचा मेसेज आला — ताई, हा आवाज कधीचा आहे? मी फोन पालथा घातला. एवढी वर्षं हेच काम करते मी, लोकांना बजावते, पाठवण्याआधी तारीख बघा म्हणून.

असो. शेवटचं राहिलं, तपासून बघू. हा बघा, तुमचा मूळ सर्व्हर मी बंद केला. पूर्ण बंद. आता तुमच्या मोबाइलवर साइट उघडा, इथे नवा पत्ता पोचलाय. आला ना स्वेटर? निळा? आणि लगेच. झालं तुमचं काम — थांबा, सर्व्हर परत चालू करते. हं.

परत वाजला. तोच आहे. तुम्ही या आता. नाही, पाणी नको, काही नको — काही अडलं तर उद्या बोलू, पण आता निघा. दार लोटून घ्या. तेवढं कराच.

हॅलो — हं, मीच. कुठे आहेस? एकटा नाहीयेस ना? बस आधी. — बसलास?